मठातली धाव

सायकल जागची हलत नव्हती, आणि तरी मी थांबले होते. वेदश्रीनं "आता" म्हटल्याबरोबर मी पायडल मारायला लागले होते. चाकावरचं ओझं वाढलेलं मांड्यांना कळलं होतं. छातीभोवती आवळलेल्या पट्ट्यामुळे समोरच्या लहानशा पडद्यावर माझ्या हृदयाचा आकडा दिसत होता. तो चढत चढत एका ठिकाणी पोचला आणि माझे पाय सुटले. दमले म्हणून नाही. गर्दीत कुणी मागून खांद्यावर हात ठेवावा आणि आपण थबकावं, तसे. चाक थोडा वेळ आपलंआपण फिरलं आणि मंदावलं. खिडकीबाहेर हुबळीची दुपार होती, कुणीतरी रिक्षावाल्याशी कन्नडमध्ये भांडत होतं, आणि माझ्या कानात माझंच रक्त वाजत होतं.

"परत अर्ध्यावर, मॅडम," वेदश्री म्हणाली. "पाय दुखले?"

"नाही."

"गरगरलं?"

"नाही."

"मग झालं काय?"

मी पडद्याकडे बोट दाखवलं. तिनं तो उचलून स्वतःकडे फिरवला. "आता दिसत नाही. पुढच्या खेपेला बघूया. आणि ते हँडल इतकं घट्ट का धरताय? सायकल कुठं पळून जात नाही. हात सैल सोडा." पुढच्या खेपेलाही मी अर्ध्यावर थांबले. आकडा दिसत नसला तरी छाती तिथंच होती.

वेदश्री मेडिकल कॉलेजात फिजिऑलॉजी शिकवते; वयानं माझ्या विद्यार्थिनींहून थोडीशीच मोठी. तिच्या अभ्यासासाठी तिला बसून काम करणाऱ्या मध्यमवयीन बायका हव्या होत्या. मी धारवाडला इतिहास शिकवते, नवनगरात एकटी राहते, आणि माझी साखर हद्दीवर येऊन उभी आहे. मी अगदी तिला हवी तशी बाई होते. अर्धं मिनिट जीव तोडून पायडल मारायचं, मग काही मिनिटं नुसते पाय फिरवत राहायचं, मग पुन्हा अर्धं मिनिट. आठवड्यातून तीनदा, काही आठवडे. "बस, एवढंच," ती पहिल्या दिवशी म्हणाली होती. "इतक्यातच दम वाढतो. तासन्‌तास चालून जे होतं त्यातलं बरंचसं होतं असं वाटतंय. पण हे बघितलंय ते जास्त करून पुरुषांवर. बायकांचं काय होतं ते मला बघायचंय." तोंडावर मास्क लावून तिनं माझा श्वास मोजला, गोड पाणी पाजून थोड्या थोड्या वेळानं रक्त काढलं, आणि कापूस दाबत सहज म्हणाली, "जोरात काम केलेल्या स्नायूंची भूक लवकर भागत नाही, मॅडम. दुसऱ्या दिवशीसुद्धा ते रक्तातली साखर ओढत राहतात. तुम्ही वर्गात राष्ट्रकूट शिकवत असता आणि तिकडं मांड्या आपलं काम करत असतात." हे वाक्य घेऊन मी त्या दिवशी घरी आले होते. आपल्याला न विचारता आपल्याच आत कुणीतरी राबत असतं, हे मला देवघरात ऐकलेल्या कुठल्याही गोष्टीपेक्षा अद्भुत वाटलं होतं.

पण त्यासाठी आधी ते अर्धं मिनिट पुरं करायला हवं होतं. निघताना वेदश्री पायऱ्यांपर्यंत आली. "पुढच्या आठवड्यात एक तरी पूर्ण करा. नाहीतर मला तुमचं नाव काढावं लागेल. राग मानू नका."

"राग कसला," मी म्हटलं. "माझी आई चार महिन्यांपूर्वी गेली. हृदयानं." ती काहीतरी बोलणार होती, पण बस आली.

बसमध्ये मी उणकलच्या तळ्याकडेच्या खिडकीशी बसले. आईचं हृदय मठात थांबलं होतं. धारवाडच्या आमच्या गल्लीच्या टोकाला रायरांचा, म्हणजे राघवेंद्रस्वामींचा मठ आहे. वृंदावनाभोवती, म्हणजे स्वामींच्या समाधीच्या चौथऱ्याभोवती, उघडं अंगण, अंगणात शहाबादी फरश्या, एका बाजूला ओसरी. तिथं आई रोज प्रदक्षिणा घालायची, आणि तिथंच एके दिवशी दुपारच्या आरतीआधी ती गेली. गाव म्हणालं, काय मरण आलं, रायरांच्या समोर. सुभाष रोडवर भाजी घेताना ओळखीपाळखीच्या बायका अजून माझा हात हातात घेऊन हेच म्हणतात, आणि त्यांच्या डोळ्यांत खरोखरच असूया असते. श्रीवत्स, माझा धाकटा भाऊ, बेंगळूरहून आला. पिंडाला कावळा शिवल्यावर म्हणाला, "अक्का, प्रदक्षिणा कसली? पळून पळून गेली आई. अडुसष्टाव्या वर्षी कोण पळतं? छाती किती सोसेल?" या सायकलचं मी त्याला फोनवर सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "तू पण? घरात एक झालं ते साकु की," म्हणजे पुरे झालं. कन्नड आमच्या घरात राग आला की येतं.

ती पळायची हे खरं होतं. प्रदक्षिणा कधी कुणी पळत घालत नाही. पण आईच्या बाबतीत ते पायांपासून सुरू झालं. नव्वदच्या आसपास तिला साखर निघाली. डॉक्टरांनी चालायला सांगितलं. चालायचं कुठं? कॉलेजच्या मैदानावर सकाळी निवृत्त वकील पांढरे बूट घालून चालायचे, त्यांतले निम्मे आप्पांचे, माझ्या वडिलांचे, कोर्टातले मित्र. त्यांच्यातून एकटी बाई कशी चालणार? म्हणून आप्पा कोर्टात गेले, आम्ही कॉलेजात गेलो, की ती मठात जायची. बाईनं तिथं कितीही फेऱ्या घातल्या तरी कुणी का म्हणून विचारत नाही. अकरा-साडेअकराची वेळ. उन्हाळ्यात अंगणातली फरशी तव्यासारखी तापायची. पाय अनवाणी. ओसरीच्या सावलीत ती सावकाश चालायची. सावली संपली आणि तापलेली फरशी लागली की पाय पोळायचे, म्हणून झपाझप, मग धावतच, वृंदावनाला वळसा घालून पुन्हा सावली गाठायची. उन्हात धाव, सावलीत चाल. पुढे पाऊस आला, मग थंडी, फरशी गारठली, तरी ती उन्हाच्या जागी धावतच राहिली.

गावानं त्याचा आपल्या परीनं अर्थ लावला. बाई नवसाची आहे, आणि नवस मोठा आहे. आधी तो माझ्या लग्नाचा होता. माझं वय उलटलं तसा तो श्रीवत्सच्या नोकरीचा झाला, मग आप्पांच्या आजाराचा. कुणी विचारलं तर आई म्हणायची, "आहे काहीतरी." त्यानं तर आणखीच पटलं. मग आमच्या मागच्या घरातल्या लक्ष्मीबाई सुनेला दिवस जावेत म्हणून पळायला लागल्या. त्यांचं बघून आणखी दोघी-तिघी. सुनेला मुलगा झाला, आणि काही दिवस मठाच्या अंगणात काठापदरांची अशी पळापळ उडाली की पुजारी बाळाचार्यांनी रंगाऱ्याला बोलावून कन्नड आणि मराठीत पाटी लिहून घेतली: प्रदक्षिणा सावकाश घालावी. बाकीच्या बायका सावकाश झाल्या. आई त्या पाटीसमोरून पळत जायची. आचार्यांनी मग उन्हाच्या बाजूला काथ्याची पट्टी अंथरली, ओली करून, म्हणजे पाय पोळायला नकोत. आई पट्टी सोडून शेजारच्या फरशीवरून पळायला लागली.

मी तिला एकदाच पळताना पाहिलं. एम.ए.च्या परीक्षेआधीची सुट्टी होती, घराला कुलूप होतं, किल्ली मागायला मी मठात गेले. दारातच थांबले. निऱ्या उचलून कमरेला खोचलेल्या, पदर अंगाभोवती आवळून घेतलेला, पोटऱ्या उघड्या. आईच्या पोटऱ्या मी कधी अशा पाहिल्याच नव्हत्या. त्यांत एक गोळा सरकत होता, कातडीखाली मासा सरकावा तसा. बावन्न-त्रेपन्न वर्षांची, दोन मुलांची आई, वकिलाची बायको, लग्नकार्यात कायम मागच्या रांगेत उभी राहणारी. ती वृंदावनाच्या मागं दिसेनाशी झाली आणि दुसऱ्या बाजूनं आली, आणि तिचा चेहरा मला दिसला. त्यावर मागणं नव्हतं. भक्ती म्हणावी तर डोळे मिटलेले नव्हते. तोंड जरा उघडं, भुवया वर गेलेल्या. जिनं आत्ताच एखादं दार ढकललं आणि ते उघडलं, अशा मुलीचा तो चेहरा होता. मला लाज वाटली, आणि नजर काढवेना. तिनं मला पाहिलं, पण थांबली नाही. फेरी पुरी करून ओसरीच्या खांबाशी येऊन बसली आणि मनगट माझ्यापुढे धरलं. "धर. बघ, बघ कसा उडतोय." तिची नाडी माझ्या बोटांखाली इतक्या जोरानं धडकत होती की मी घाबरून हात सोडवायला लागले. तिनं सोडू दिला नाही. "थांब की. आता गंमत बघ." हळूहळू ते धडकणं ठोक्याठोक्यानं लांबत गेलं, एकेक ठोका वेगळा ओळखू यायला लागला. आईनं माझ्याकडे पाहिलं, आपल्याच घरातली काही अपूर्व वस्तू पाहुण्याला दाखवताना पाहावं तसं, आणि हलक्या आवाजात म्हणाली, "आता घरी येतोय." मग उठून, निऱ्या सोडून, तिनं मला किल्ली दिली.

नवनगरचा थांबा आला तरी मी उतरले नाही. तशीच धारवाडला गेले.

बाळाचार्य ओसरीत बसून गंध उगाळत होते. आता ऐंशीच्या पुढचे आहेत. उघड्या अंगावर गोपीचंदनाच्या मुद्रांचे ठसे सुरकुत्यांत अडकलेले. मला पाहून म्हणाले, "ये श्यामला. तीर्थ घेतलंस? आणि ती पर्स इतकी कवटाळून का आलीस? इथं चोर नाहीत. होता तो मारुती, देवळाबाहेरच्या चपला न्यायचा, तो पण आता महापालिकेत निवडून आला." मी पर्स खाली ठेवली. मला एकच गोष्ट विचारायची होती आणि ती चार महिने मी कुणालाच विचारली नव्हती. शेवटी ती धावत होती, का बसली होती?

आचार्यांनी सहाण बाजूला सारली. आई गेली त्या वेळी मठात तेच एकटे होते.

"आधी तुला एक सांगतो," ते म्हणाले. "पहिल्या वर्षी मी तिला हटकलं होतं. म्हटलं, कुसुमाबाई, प्रदक्षिणा अशी नसते. शास्त्र सांगतं, दिवस भरलेली बाई डोक्यावर तेलानं भरलेली घागर घेऊन जशी चालेल तसं चालावं. पाऊल वाजता कामा नये. तर ती काय म्हणाली ठाऊक आहे? म्हणाली, आचार्य, दिवस दोनदा भरले. घागर तर रोजच आहे, नळाला आठवड्यानं पाणी येतं. इथं तरी मला मोकळ्या हातानं येऊ द्या की." ते हसले, आणि हसताना त्यांना खोकला आला. "मी काय बोलणार? पाटी लावली. ती लोकांसाठी."

"आणि संकल्प?" मी विचारलं. "तुम्ही तिच्यासाठी संकल्प सोडायचात ना? काय मागायची ती?"

"दरवर्षी विचारायचो. कशासाठी म्हणून सांगू? ती म्हणायची, तुम्हाला सुचेल ते सांगा. मग मी आपला सहकुटुंबाचं क्षेम म्हणायचो." त्यांनी सहाण परत पुढ्यात ओढली. "तिला काही नकोच होतं, श्यामला. या अंगणात इतकी वर्षं मी बसलोय. काही नको असलेलं माणूस मी दुसरं पाहिलं नाही."

"त्या दिवशी," मी म्हटलं.

"त्या दिवशी तिची फेरी झाली होती. या खांबाशी बसली. मी नैवेद्याचं ताट घेऊन आत चाललो होतो, म्हटलं, काय बाई, अजून दम आहे? हातानंच थांबा म्हणाली. श्वास जोरात होता, मग कमी झाला, रोजच्यासारखा. अगदी व्यवस्थित खाली आला. मनगटावर बोटं होती तिची. मी आत जाऊन आलो. तेव्हाही तशीच बसलेली. मला वाटलं, आज अगदीच शांत झाली." त्यांनी सहाणेवरचं गंध बोटानं गोळा केलं. "हाक मारल्यावर कळलं."

मी त्या खांबाशी जाऊन बसले. दगड पाठीला गार लागत होता. आपल्या शरीराला विचारण्याची तिची एक रीत होती, आणि शेवटपर्यंत ती विचारत होती, एवढं मला कळलं. पण श्रीवत्सचं म्हणणं त्यानं खोटं ठरत नव्हतं. बसली होती, पण धावून बसली होती. माझं हृदय तिच्यासारखंच आहे. नाक आणि साखर तिचीच आली आहे, मग हेही आलं असणार. त्याला मी धावू दिलं तर ते घरी येईल का?

पुढच्या आठवड्यात सायकलवर चढण्याआधी मी वेदश्रीला सगळं सांगितलं. फरशी, पाटी, खांब, मनगट. ती टेबलाच्या कडेला टेकून ऐकत होती, हातातला पट्टा तसाच राहिला. "उन्हात धाव, सावलीत चाल," ती स्वतःशीच म्हणाली. "इतकी वर्षं? औषध?"

"शेवटची काही वर्षं अर्धी गोळी."

"साखर निघाल्यावर इतकी वर्षं अर्ध्या गोळीवर." तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी ओळखलं, मठाच्या दारात उभी असताना माझ्या चेहऱ्यावर तेच असणार. "आणि आम्ही इथं हे नवीन म्हणून मांडून बसलोय."

"मला एक खरं सांग," मी म्हटलं. "त्यानं ती गेली का?"

तिनं हातातला पट्टा टेबलावर ठेवला. "मला सांगता येणार नाही. कुणालाच येणार नाही. पण जे माहीत आहे ते सांगते. असा जोर करताना आणि त्यानंतर थोडा वेळ धोका वाढतो. तो खोटा नाही. म्हणून तर तुमचा ईसीजी आधी काढला, तपासलं, तुमचं हृदय चांगलं आहे. पण ज्याला सवय आहे त्याचा दिवसातल्या उरलेल्या सगळ्या वेळातला धोका कमी होतो. थोडा वेळ दार उघडं, बाकी सगळा वेळ घर भक्कम." ती जरा ओशाळली. "असं मी विद्यार्थ्यांना सांगत नाही."

मी सायकलवर बसले. उरलेला सगळा वेळ. त्यात काय काय होतं ते माझ्या डोळ्यांपुढून गेलं नाही, अंगातून गेलं. आप्पांच्या आजारपणात त्यांना उचलून कुशीवर वळवणारे तिचे हात. मी लग्न करणार नाही म्हटल्यावर, भाकरी थापताना, क्षणभरही न थांबलेले तिचे हात. नवनगरच्या माझ्या घराच्या तिन्ही जिन्यांवरून ती तांदळाची पिशवी घेऊन आली, आणि दारात उभी राहून माझीच धाप ऐकत म्हणाली, "तुला काय झालं गं?" हे सगळं तिनं रोज थोडा वेळ दार उघडं ठेवून मिळवलं होतं. नवस नव्हता म्हणावं, तर इतकं कुणाला मिळतं? तिनं काहीही मागितलं नव्हतं. तिच्या मांड्यांनी, फुप्फुसांनी, रक्तानं आपणहून दिलं होतं, ती झोपलेली असताना, पोळ्या लाटत असताना, आमच्यावर रागावलेली असताना. वीस वर्षं आम्ही तिच्या शेजारी बसून जेवलो, आणि तिच्या आत हे चाललं होतं.

"पडदा फिरवू?" वेदश्रीनं विचारलं.

"राहू दे. दिसू दे."

"आता," ती म्हणाली.

ओझं आलं. मांड्या पेटल्या, इतक्या लवकर पेटल्या की मला वाटलं हे चूक आहे. आकडा चढायला लागला. माझी जागा जवळ आली, त्या जागेवर कुणीतरी उभं असणार हे मला माहीत होतं. गेल्या सगळ्या खेपांना होतं. या खेपेला मी तिच्याकडे पाहिलं. निऱ्या खोचलेल्या, तोंड जरा उघडं. ती थांबली नव्हती. मला पाहूनही थांबली नव्हती, फेरी पुरी करायला मागं गेली होती. मी तिच्या मागं गेले. पुढं छाती नव्हती, भीती नव्हती, शब्द नव्हते. फक्त एक रुंद, पांढरी, तापलेली जागा होती आणि तळव्यांखाली ती पोळत होती. तिथं आपलं नाव, वय, हद्दीवरची साखर, कुणाची मुलगी, यातलं काहीही बरोबर नेता येत नव्हतं. दार इतकं साधं होतं. ढकललं की उघडत होतं.

"मॅडम," कुणीतरी लांबून म्हणत होतं. "मॅडम, झालं. झालं की. सावकाश."

चाक हलकं झालं. मी श्वास घेत होते, किंवा श्वास मला घेत होता. घाम डोळ्यांत गेला होता, त्यामुळे पडद्यावरचा आकडा फुटून पसरला होता, पण तो उतरताना दिसत होता. एकेक पायरी, घाई न करता. वेदश्री कागदावर काही न लिहिता त्याच्याकडेच बघत उभी होती. बाहेर कुणीतरी कुणाला तरी मोठ्यानं हाक मारत होतं. ठोके लांबत गेले. एक वेळ अशी आली की त्यांतला एकेक मला वेगळा ओळखू यायला लागला, आणि मनगट धरायला म्हणून मी हात उचलायला गेले, तेव्हा लक्षात आलं, हँडल मी कधीच सोडलं होतं. दोन्ही हात मांड्यांवर उताणे, मोकळे पडले होते.

"पुढची कधी?" मी विचारलं.